खाऱ्या हवेतला संग्रह: पहिली तीन-चार घड्याळं निवडताना

घड्याळ हातात घेतलं की आधी उलटं करा. डायल, काटे, रंग सगळं नंतर. किनाऱ्यावर राहणाऱ्याला घड्याळाची पाठ जास्त उपयोगाचं सांगते. स्वस्त घड्याळाच्या झाकणावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'स्टेनलेस स्टील बॅक' कोरलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, घड्याळ स्टीलचं आहे. स्टीलचं असतं ते फक्त झाकण. बाकीची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो. काही झाकणांवर 'बेस मेटल' हे शब्दही असतात, म्हणजे शंकाच उरत नाही. आपल्याला हवं ते 'ऑल स्टेनलेस स्टील' किंवा 'स्टेनलेस स्टील केस'.

घाटावर मुलाम्याचं घड्याळ बरीच वर्षं निभावून जातं. मालवण, हर्णै, वेंगुर्ला अशा गावांत तसं होत नाही. वाऱ्यातलं मीठ आणि घामातलं मीठ मुलाम्याच्या बारीक चिरांतून खाली उतरतं, आतलं पितळ कळकतं आणि वरचा थर फुगून पापुद्र्यासारखा सुटतो. सुरुवात दिसत नाही अशा जागी होते: पट्टा अडकवायच्या कानांच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या कडेला आणि चावीच्या (वेळ लावायच्या बाजूच्या बोंडाच्या) खाली. म्हणून जुनं घड्याळ घेताना पट्टा काढायला लावा आणि कानांची आतली बाजू उजेडात धरा. हिरवट भुकटी किंवा टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसले, तर डायल कितीही देखणी असो, ते घड्याळ कोकणात टिकणार नाही. पुन्हा पॉलिश करून मुलामा चढवता येतो, पण त्या पॉलिशमध्ये केसच्या कडा झिजून गोल होतात आणि झाकण पूर्वीसारखं घट्ट बसत नाही.

स्टीलमध्येही फरक आहे. ३१६एल जातीच्या स्टीलमध्ये साधारण दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाने पडणारे खड्डे त्याने बरेच रोखले जातात. ३०४ जातीत ते नसतं. वर्णनात '३१६एल' लिहिलं असेल तर दोनशे-चारशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. सोनेरी घड्याळाचा मोह मात्र सुरुवातीला टाळाच. स्वस्तातला सोनेरी थर घामाने आधी मनगटाला टेकणाऱ्या बाजूने उडतो.

संग्रह म्हटलं की एकदम पाच-सहा घड्याळं घ्यायची घाई होते. माझं स्पष्ट मत असं की पहिल्या वर्षात तीन पुरतात आणि ती तीन वेगवेगळ्या मशीनची असावीत: एक डिजिटल, एक स्टीलच्या केसचं काट्यांचं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, आणि एक चावीचं. तिन्ही वापरून बघितल्याशिवाय आपल्याला नक्की काय आवडतं ते कळत नाही. ज्याला रोज सकाळी चावी द्यायचा कंटाळा येतो, त्याने पंधरा हजारांचं मेकॅनिकल घेण्यात अर्थ नाही.

डिजिटलमध्ये कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९ सालापासून जवळजवळ तसंच मिळतं आहे. वजन २१ ग्रॅम, महिन्याला ३० सेकंदांच्या आतबाहेर अचूकता, सीआर२०१६ सेल आणि तो साधारण सात वर्षं जातो. केस रेझिनची, म्हणजे प्लास्टिकची, त्यामुळे कळकायला काही नाही. त्याचा कच्चा दुवा मागे आहे. झाकण चार बारीक स्क्रूंनी बसवलेलं असतं. खाऱ्या हवेत हे स्क्रू जाम होतात आणि सात वर्षांनी सेल बदलायला गेलं की त्यांची डोकी घासली जातात. म्हणून दर दोन वर्षांनी स्क्रू एकदा अर्धा फेरा सैल करून परत आवळायचे, आणि योग्य मापाच्या बारीक फुलीच्या पेचकसानेच. चष्म्याचा चपटा पेचकस लावून स्क्रू खराब करणारे फार. सेल बदलल्यावर आकडे विचित्र दिसले किंवा स्क्रीन कोरीच राहिली तर घाबरू नका. मशीनवर 'एसी' लिहिलेली छोटी जागा असते. ती जागा आणि सेलची वरची धन बाजू चिमट्याने दोन सेकंद जोडली की घड्याळ नव्याने सुरू होतं.

बाजारात याची नक्कल अमाप. उजव्या बाजूचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की खऱ्या घड्याळावर 'कॅसिओ' ही अक्षरं उमटतात. हल्ली काही नकली घड्याळांतही हे उमटतं, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. पट्ट्यावरची आणि झाकणावरची अक्षरं स्वच्छ आहेत का ते बघा आणि बिल घ्या. होडीवर जाणाऱ्याला, शेतात राबणाऱ्याला किंवा रोज पोहणाऱ्याला मात्र मी एफ-९१ सुचवणार नाही. त्याच कंपनीचं डब्ल्यू-८००एच घ्यावं. १०० मीटरचं रेटिंग आणि दहा वर्षांचा सेल.

हे मीटर काय सांगतात त्यावर जरा थांबायला हवं, कारण किनाऱ्यावर सगळ्यात जास्त घड्याळं याच गैरसमजात मरतात. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ ३० मीटर खोल नेता येत नाही. तो आकडा नव्या घड्याळावर, स्थिर पाण्याच्या दाबाचा आहे. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारं पाणी. ५० मीटर म्हणजे जुलैच्या पावसात दुचाकीवरून बाजारात जाऊन येणं. १०० मीटरला समुद्रात पोहता येतं. तारकर्लीला स्नॉर्केलिंगला जायचं असेल तर २०० मीटर आणि स्क्रूसारखी फिरवून बसणारी चावी हवी. आणि हे सगळं आतले रबरी वॉशर नवे असेपर्यंतच. रबर उन्हाने, घामाने आणि साबणाने कडक होत जातं. दोन-तीन वर्षांनी वॉशर बदलले नाहीत तर २०० मीटरवालं घड्याळही पागोळीखाली ओलं होतं.

पाणी आत जायच्या वाटा तीन: चावी, झाकण आणि काचेची कड. त्यातली चावी सगळ्यात घातक, कारण ती आपण वारंवार ओढतो. पाण्यात असताना चावी किंवा बटण दाबू नका. दुसरी चूक उन्हातली. मे महिन्यात वाळूत तासभर तापलेलं घड्याळ एकदम विहिरीच्या गार पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि वॉशर जरा जरी ढिला असला तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गरम पाण्याची अंघोळ याच कारणासाठी वाईट, शिवाय साबण वॉशरवरचं ग्रीस धुऊन नेतो.

आत ओल आहे का हे घरी तपासता येतं. घड्याळ दहा मिनिटं मनगटावर ठेवा म्हणजे कोमट होईल. काचेवर फ्रिजमधल्या पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. थेंबाच्या जागी काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली आणि ती लगेच गेली नाही, तर आत ओल आहे. त्याच दिवशी झाकण उघडून घ्यायचं. नुसतं गोडं पाणी असेल तर उघडलेलं घड्याळ सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) बंद डब्यात दोन दिवस ठेवलं की बहुधा वाचतं. तांदळात ठेवू नका, तांदळाची पिठी मशीनमध्ये जाते. समुद्राचं पाणी गेलं असेल तर डब्यात ठेवून वाट बघण्यात वेळ जातो आणि चावीची दांडी व तिच्याजवळच्या स्प्रिंगा गंजायला लागतात. तेव्हा सरळ कारागिराकडे, त्याच दिवशी.

दुसरं घड्याळ काट्यांचं क्वार्ट्झ. यात दोन रस्ते आहेत. टायटनची दुकानं आणि सर्व्हिस आपल्या जिल्ह्यात मिळते, सेल आणि वॉशर दोन्ही तिथे नीट बदलून मिळतात, हा कोकणात फार मोठा मुद्दा. फक्त स्टीलची केस असलेलं मॉडेल निवडा. दुसरा रस्ता कॅसिओच्या स्टीलच्या घड्याळांचा. त्यातलं 'ड्युरो' २०० मीटरचं, चावी फिरवून बसणारी, किमतीच्या मानाने फार भक्कम. पण केस ४४ मिलिमीटरची आहे, बारीक मनगटावर ताटली ठेवल्यासारखी दिसते. ऑनलाइन घेताना डायलचा व्यास बघून ठरवू नका. वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी बघा. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली तर घड्याळ कधीच नीट बसणार नाही.

खर्च थोडा वाढवता आला तर सिटिझनचं इको-ड्राइव्हसारखं सौर घड्याळ किनाऱ्यासाठी मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सेल बदलायला दर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडावं लागत नाही. झाकण जितक्या वेळा आणि जितक्या घाईत उघडतं तितका वॉशर चिमटण्याचा धोका. पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडातही ते चार्ज होतं, फक्त कपाटात बंद ठेवू नका. खिडकीत डायल वर करून ठेवा, पण कडक उन्हात तापू देऊ नका.

सेलबद्दल एक गोष्ट. काट्यांच्या बहुतेक स्वस्त घड्याळांत ६२६ मापाचा सेल लागतो. तो दोन प्रकारांत मिळतो: एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, एलआर म्हणजे अल्कलाइन. बाजारात पाच-दहा रुपयांत घातला जाणारा बहुधा अल्कलाइन. त्याचा विद्युतदाब हळूहळू उतरत जातो, घड्याळ मागे पडायला लागतं आणि संपल्यावर तो गळतो. गळलेला सेल मशीनचे तांब्याचे पत्रे खातो. सिल्व्हर ऑक्साइडचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ १.५५ व्होल्टवर टिकतो. 'एसआर६२६एसडब्ल्यू' असं नाव घेऊन मागा, पाकीट समोर फोडायला सांगा. घड्याळ बंद पडल्यावर मेलेला सेल आत ठेवून खणात टाकू नका.

आता चावीचं. इथे नाव एकच, एचएमटी. बंगळुरूचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला आणि २०१६ साली सरकारने घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय घेतला. जनता आणि पायलट या तिच्या मॉडेलांतलं १७ ज्वेलचं (म्हणजे चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेल्या १७ खड्यांचं) मशीन सिटिझनच्या जुन्या रचनेवरचं आहे, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. साधं, जाड, दुरुस्तीला सोपं. सुटे भाग अजून मिळतात आणि जुन्या कारागिराला हे मशीन डोळे मिटून खोलता येतं.

ऑनलाइन शोधायला लागण्याआधी घरातलं कपाट बघा. गणपतीला सगळे घरी जमतात तेव्हा विचारा. आजोबांचं, काकांचं, निवृत्तीत मिळालेलं एखादं एचएमटी बऱ्याच घरांत पडून असतं. सापडलं की 'चालतंय का बघू' म्हणून चावी देत बसू नका. वीस वर्षं पडलेल्या घड्याळातलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. कोरड्या टोकांवर चाकं फिरली की टोकं झिजतात आणि जे नुसत्या सफाईत भागलं असतं त्याला नवे भाग लागतात. आधी पूर्ण खोलून सफाई आणि ऑइलिंग, मगच चावी. कारागिराला 'ऑइलिंग करा' एवढंच सांगू नका. काही जण झाकण उघडून जुन्या घाणीवरच तेलाचा थेंब सोडतात. मशीन सुटं करून धुणार का, असं स्पष्ट विचारा. आणि डायल रंगवायची नाही हेही आधीच सांगून ठेवा. डागाळलेली मूळ डायल संग्रहात रंगवलेल्या डायलपेक्षा कधीही मोलाची.

विकत घ्यायचं झालं तर रंगवलेल्या डायलचा प्रश्न जास्तच येतो. हजार-दीड हजारांत लाल, हिरव्या, आकाशी डायलचे 'पायलट' दिसतात, त्यातले बहुतेक जुन्या मशीनवर नवी डायल छापून उभे केलेले. भिंग घेऊन बघा. मूळ छपाईतल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, नव्या छपाईत शाई पसरलेली असते. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का? सेकंदकाटा रेघांपर्यंत पोचतो का? बाराचा आकडा आणि कंपनीचं चिन्ह एका सरळीत आहे का? विक्रेत्याकडून मशीनचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

याच तपासणीत जपानच्या सेइको कंपनीचं जुनं सेइको ५ पण येतं. ते मुंबईच्या बाजारातून भडक डायल लावून भरपूर येतं. सेइकोच्या झाकणावर चार-चार आकड्यांचा एक जोड असतो. पहिले चार आकडे मशीनचे. डायलच्या अगदी खालच्या कडेलाही बारीक आकडे असतात, त्यांतले पहिले चार झाकणाशी जुळले पाहिजेत. झाकणावर ७००९ आणि डायलवर ६३०९ असेल तर दोन घड्याळांचं मिळून एक केलेलं आहे. चालेल ते, पण संग्रहात ठेवण्यासारखं नाही.

एचएमटी पावसाळ्यात घालू नका. पाण्यापासून संरक्षण जवळजवळ नाहीच, आणि केस बहुतेक वेळा वर सांगितलेली मुलाम्याचीच. आपण ते माहीत असून घेतो, म्हणून वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. बाहेरून आलं की सुक्या सुती कपड्याने कानांच्या मधल्या फटीसह पुसायचं. काच अॅक्रिलिकची असते, तिच्यावर पटकन ओरखडे येतात पण ते मऊ कपड्यावर टूथपेस्ट घेऊन पाच मिनिटं घासलं की जातात. साध्या मिनरल काचेचे ओरखडे असे जात नाहीत. वाळूतला गारगोटीचा कण कठीणपणाच्या मापावर सातचा, मिनरल काच पाच-सहाची, त्यामुळे किनाऱ्यावर ती ओरखडतेच. नीलम काच नऊची, तिला वाळू काही करत नाही.

पट्ट्यांवर लोक फार कमी विचार करतात. पावसाळ्यात कातड्यावर चार दिवसांत बुरशी येते. त्याहून वाईट म्हणजे 'लेदर' म्हणून विकले जाणारे पीयूचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचे, पट्टे. दमट हवेत ते रसायनच तुटत जातं, न वापरताही वर्ष-दोन वर्षांत साल निघायला लागते. नायलॉनचा पट्टा धुऊन पंख्याखाली काही तासांत वाळतो, जून ते सप्टेंबर तोच बरा. सिलिकॉनही चालतो. पहिली काट्यांची घड्याळं शक्यतो एकाच मापाच्या पट्ट्याची घ्या, १८ किंवा २० मिलिमीटर, म्हणजे दोन चांगले पट्टे सगळ्यांवर फिरतात. स्टीलची चेन असेल तर समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यात साबण आणि जुन्या टूथब्रशने कड्यांच्या आतून घासा. आणि पट्ट्याच्या पिना दरवर्षी बदला. त्यांच्या आतली स्प्रिंग गंजते, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस फेरीत चढताना घड्याळ पाण्यात जातं. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

ठेवायला महागडी मखमली पेटी नको, मखमल ओल धरते. रबरी कडेचा, झाकण घट्ट बसणारा दोन लिटरचा स्वयंपाकघरातला डबा घ्या. त्यात ५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पिशवीत. निळं घेऊ नका, त्यातलं कोबाल्ट विषारी. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवलं की जेल पुन्हा कामाचं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर दोन आठवड्यांनी करावं लागू शकतं, डबा किती वेळा उघडता त्यावर आहे. घामेजलेलं घड्याळ थेट डब्यात टाकायचं नाही. आणि डबा स्पीकरजवळ किंवा चुंबक असलेल्या मोबाइल कव्हराशेजारी नको. चावीचं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचाच घ्यावा. घड्याळाला लागलेलं चुंबकत्व उतरवायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं आणि काम दहा सेकंदांचं असतं.

चौथं घड्याळ ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, घ्यायचं असेल तर पहिली तिन्ही वर्षभर वापरून झाल्यावर. सेइको ५ च्या २०१९ नंतरच्या मालिकेत ४आर३६ मशीन आहे, २४ ज्वेल, पूर्ण चावी भरली की ४१ तास चालतं, १०० मीटर. ओरिएंटचं माको २०० मीटरचं. ओरिएंटचंच बँबिनो दिसायला सुरेख, पण ३० मीटरचं आणि कातडी पट्ट्याचं, ते लग्नकार्यापुरतंच. या किमतीत अचूकतेची अपेक्षा माफक ठेवा. ४आर३६ साठी कंपनीच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी सूट देते. दुकानात असतानाच हमीपत्रावर तारीख आणि शिक्का घ्या, झाकणावरचा क्रमांक त्यावर लिहून घ्या, आणि सर्व्हिस कुठे होणार हे विचारा. घड्याळ मुंबईला पाठवावं लागत असेल तर येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, तेही तिथेच ठरवून घ्या.